एका अक्षराचा पाठभेद

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते सर्वत्र प्रसिद्ध असून लोक त्यास प्रेमाने 'नरसी नामदेव' असेच म्हणतात. नामदेवांचे अभंग सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे. त्या काळी छापखाने नव्हते. एकाने गावे, दुसऱ्याने ऐकावे, तिसऱ्याने ते बोरूने कागदावर उतरवावे आणि त्याची वही पुढे ठेवून चौथ्याने आणखी एक प्रत तयार करावी, अशा रीतीने हे धन एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आले. नक्कल करणारा कितीही श्रद्धाळू असला, तरी तो माणूसच. समईच्या उजेडात लिहिता लिहिता त्याचा डोळा लागे. एखादी वेलांटी गळे, एखादा शब्द दोनदा पडे, 'व' च्या जागी 'ब' येई. त्या प्रतीवरून पुढे ज्या प्रती होत, त्यांत ती चूक जशीच्या तशी उतरे आणि शिवाय नव्या चुकांची भर पडे. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींत आढळणाऱ्या अशा फरकांना 'पाठभेद' असे म्हणतात.

भाविक वाचकाला पाठभेद म्हणजे एक उपद्रव वाटतो. संशोधकाला मात्र तो अतिशय मोलाचा. कारण उघड आहे. दोन गावांत सापडलेल्या दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच विचित्र चूक असेल, तर त्या दोन्ही एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असल्या पाहिजेत, असे अनुमान करता येते. चुका जुळवीत जुळवीत पोथ्यांची वंशावळ मांडता येते. पैठणच्या एकनाथ महाराजांनी १५८४ साली अनेक प्रती ताडून पाहून ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला, तो अशाच परिश्रमाने. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या हजाराहून अधिक हस्तलिखितांची तुलना करून त्याची चिकित्सक आवृत्ती तयार करण्यात आली. १९१९ साली सुरू झालेले ते कार्य १९६६ साली तडीस गेले.

त्याच पुणे शहरात पाठभेदांची तुलना करणारी आणखी एक संस्था आहे. तिच्यातील पोथ्या मात्र कागदाच्या नाहीत. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांच्यामुळे माणसे तापाने अंथरुणास खिळतात. ही संस्था म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ साली 'विषाणू संशोधन केंद्र' या नावाने ती स्थापन झाली आणि १९७८ साली तिला आजचे नाव मिळाले. तेथील संशोधकांनी चिकुनगुन्या नावाच्या तापाच्या विषाणूची वंशावळ कशी शोधली, ती हकिकत मोठी मनोरंजक आहे.

'चिकुनगुन्या' हा शब्द मराठी नाही, संस्कृतही नाही. पूर्व आफ्रिकेत आज टांझानिया नावाने ओळखला जाणारा देश आहे. तेथील माकोंडे पठारावर १९५२ साली एका विलक्षण तापाची साथ आली. रोग्याचे सांधे इतके दुखत, की त्याला सरळ उभे राहता येईना. तेथील लोकांनी आपल्या माकोंडे भाषेत त्या रोगाला 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचे हे नाव दिले. नाव अगदी यथार्थ आहे. ताप चार-सहा दिवसांत उतरतो. परंतु मनगटे, घोटे, गुडघे व बोटांची पेरे यांची ठणक कित्येकांना काही महिनेपर्यंत सोडीत नाही. या रोगाने मृत्यू क्वचितच येतो. पण ज्याचे पोट हाताच्या कामावर आहे, त्याला मूठ वळता न येणे हेही काही लहान संकट नव्हे.

हा रोग ज्या विषाणूमुळे होतो, त्याची रचना आता पाहू. विषाणू अत्यंत सूक्ष्म असतो. चिकुनगुन्याचे चौदा-पंधरा हजार विषाणू एका ओळीत मांडले, तर ती ओळ जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याच्या अंगावर प्रथिनांचे व स्निग्ध पदार्थाचे कवच असते आणि कवचाच्या आत आरएनए नावाच्या रसायनाचा एकच धागा गुंडाळलेला असतो. हा धागा म्हणजे विषाणूची पोथी. तिची लिपी केवळ चार अक्षरांची आहे. ए, यू, जी आणि सी ही त्या अक्षरांची नावे. संपूर्ण पोथीत सुमारे ११,८०० अक्षरे असतात. शालेय पुस्तकाच्या पाच-सहा पानांत ती सहज मावतील. एवढ्याशा मजकुराने सबंध गावाला खाटेवर निजवावे, याचे आश्चर्य वाटते.

विषाणूला स्वतःचे असे घर नाही, चूल नाही, हत्यारे नाहीत. खाणे, वाढणे, श्वास घेणे यांपैकी काहीही तो करीत नाही. सजीवाच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला आपल्या प्रती काढता येत नाहीत. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारे असंख्य सूक्ष्म कारागीर असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. पेशीकडून आलेला आरएनएचा संदेश ते तीन-तीन अक्षरे घेऊन वाचतात आणि त्याप्रमाणे प्रथिन घडवितात. संदेश कोणी पाठविला, याची चौकशी ते करीत नाहीत. धागा सुलट असला, आरंभीची खूण ठीक असली, की ते वाचू लागतात. चिकुनगुन्याच्या विषाणूची सारी करामत या एका गोष्टीवर उभी आहे. त्याचा धागा सुलट असतो. शास्त्रज्ञ अशा धाग्यास 'धन' धागा म्हणतात.

सुलट आणि उलट यांतील भेद रबरी शिक्क्यावरून चांगला ध्यानात येतो. शाळेच्या कार्यालयातील शिक्का उलटा करून पाहा. त्यावरील अक्षरे उलटी असतात. ती नीट वाचता येत नाहीत. पण तोच शिक्का शाईच्या गादीवर दाबून कागदावर उमटविला, की सुलट अक्षरे दिसतात. धन धागा हा छापलेल्या कागदासारखा. 'ऋण' धागा हा शिक्क्यासारखा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून शरीरात शिरणारा रेबीजचा विषाणू आपल्याबरोबर नुसता शिक्का आणतो. पेशीतील कारागिरांना तो वाचता येत नाही. म्हणून शिक्क्यावरून सुलट प्रत काढणारे यंत्रही त्याला बरोबर घेऊन यावे लागते. चिकुनगुन्याचे तसे नाही. त्याचा कागद आत पडताच वाचला जाऊ लागतो. अशा विषाणूंच्या बाबतीत कवच काढून टाकून नुसता आरएनए पेशीत सोडला, तरीही रोग उत्पन्न होऊ शकतो. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या एका विषाणूवर १९५६ साली जर्मनीत व अमेरिकेत जे प्रयोग झाले, त्यांवरून ही गोष्ट प्रथम सिद्ध झाली.

कारागीर त्या कागदावरून प्रथम काय घडवितात? विषाणूच्या प्रती काढणारे यंत्रच! विषाणू हे यंत्र बरोबर आणीत नाही; त्याची कृती तेवढी लिहून आणतो आणि आपल्याच घरात आपल्याच माणसांकडून ते तयार करून घेतो. हे यंत्र पेशीतील पातळ पडद्याला चिकटून, इवल्याशा कुपीसारख्या कप्प्यात बसते. सुलट धाग्यावरून ते एक उलट धागा, म्हणजेच शिक्का, बनविते. मग त्या एका शिक्क्यावरून सुलट प्रतींवर प्रती उमटू लागतात. त्यांखेरीज पोथीच्या अखेरच्या भागाच्या वेगळ्या आखूड प्रतीही निघतात; त्यांवरून कवचाची प्रथिने तयार होतात. शेवटी प्रत्येक पूर्ण प्रत एकेका कवचात गुंडाळली जाते आणि एका पेशीतून हजारो नवे विषाणू बाहेर पडतात. कारखाना आपला, मालमसाला आपला, आणि माल मात्र त्याचा.

एवढ्या घाईने प्रती काढणारे हे यंत्र फार चुका करते. सामान्यतः दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे त्याचे एक अक्षर चुकते. आकडा लहान वाटला, तरी हिशेब करून पाहावा. पोथी ११,८०० अक्षरांची. तेव्हा फार चांगली गोष्ट धरली तरी आठ-नऊ प्रतींत एखादी चुकीची असणार, आणि वाईट गोष्ट धरली तर जवळजवळ प्रत्येक प्रतीत एक चूक असणार. आपल्या पेशींत डीएनएची नक्कल होते, तेव्हा चूक शोधून दुरुस्त करणारी व्यवस्था पाठोपाठ काम करीत असते. चिकुनगुन्याच्या विषाणूपाशी अशी व्यवस्था नाही. तेथे लेखनिक पुष्कळ. पण एकनाथ एकही नाही.

या चुकांपैकी बहुतेक निरुपयोगी असतात. काहींनी अर्थाला बाधच येत नाही. एखाद्या शब्दातील ऱ्हस्व-दीर्घ चुकावे, तसे. काहींनी प्रथिन बिघडते आणि तो विषाणू नष्ट होतो. परंतु लाखो-करोडो प्रतींत एखादी चूक अशी निघते, की ती विषाणूच्या पथ्यावर पडते. मग त्या प्रतीच्या प्रती अधिक निघतात आणि मागे पडलेल्या जुन्या प्रतींच्या जागी नव्या येतात. यालाच उत्क्रांती म्हणतात. हत्ती किंवा घोडा यांच्या उत्क्रांतीला लक्षावधी वर्षे लागली. विषाणूची उत्क्रांती एका पावसाळ्यातही पाहावयास मिळते. पोलिओ, डेंग्यू, कावीळ उत्पन्न करणारे काही विषाणू, गुरांच्या तोंडाला व खुरांना फोड आणणारा लाळ-खुरकूत रोगाचा विषाणू, हे सारे चिकुनगुन्यासारखेच धन धाग्याचे आहेत. कोरोनाचा विषाणूही त्यांतलाच. त्याची पोथी सुमारे ३०,००० अक्षरांची असून तिच्याजवळ चूक दुरुस्त करणारा एक मुद्रितशोधक आहे. तरीही पाठभेद व्हावयाचे राहिले नाहीत. पुढे जगभर पसरलेला 'डेल्टा' हा त्याचा प्रकार २०२० साली महाराष्ट्रात घेतलेल्या नमुन्यांतच प्रथम आढळला होता.

आता मूळ हकिकतीकडे वळू. भारतात चिकुनगुन्याची मोठी साथ प्रथम १९६३ साली कलकत्ता शहरात आली. त्यानंतर १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ती उद्भवली. त्या गावातील एकतृतीयांशाहून अधिक माणसे आजारी पडली. पुण्याच्या संशोधकांनी बार्शीस जाऊन पाहणी केली, विषाणू मिळविला आणि तो अतिशीत पेटीत जपून ठेवला. त्या वेळी विषाणूची पोथी अक्षरशः वाचण्याची सोय नव्हती. एवढा मजकूर वाचण्याची सुलभ रीत फ्रेडरिक सँगर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७७ साली शोधून काढली. म्हणजे ज्यांनी ती कुपी ठेवली, त्यांना तिच्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. तरी त्यांनी ती ठेवली, आणि पुढच्यांनी ती सांभाळली.

बार्शीनंतर हा रोग भारतातून जणू नाहीसा झाला. तीस-बत्तीस वर्षे त्याची मोठी साथ आली नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो पुस्तकातील एक नाव म्हणून ठाऊक होता, इतकेच. २००५ च्या अखेरीस मात्र आंध्र प्रदेशातून तापाच्या बातम्या येऊ लागल्या आणि २००६ साली तो कर्नाटक, महाराष्ट्र व इतर राज्यांत वणव्यासारखा पसरला. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव शहर त्याने हैराण झाले. मराठवाड्यातील खेड्यांनाही त्याची झळ लागली. त्या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात अडीच लाखांहून अधिक माणसांना या रोगाची बाधा झाल्याची शंका नोंदविण्यात आली. एकाच घरातील आजोबा, आई आणि लेक अशी तिघेही भिंतीला धरून चालत आहेत, हे दृश्य त्या वर्षी नवलाचे राहिले नाही.

बार्शीचा तोच जुना विषाणू इतकी वर्षे कोठे दडून बसला होता आणि आता पुन्हा बाहेर पडला, असे कोणालाही वाटले असते. पण पुण्यास जुन्या कुप्या होत्या. डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ सालच्या साथीतील निरनिराळ्या राज्यांतले पाच विषाणू घेतले. १९६३ चा एक आणि १९७३ चा एक असे दोन जुने विषाणू बाहेर काढले. त्यांच्या जोडीला आणखी एक नमुना होता. २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या डासांत चिकुनगुन्याचा विषाणू सापडला होता, तोही त्यांनी घेतला. या सर्वांच्या पोथ्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून त्यांनी पाठभेद ताडून पाहिले.

निष्कर्ष अनपेक्षित होता. १९६३ व १९७३ चे विषाणू आशियाई कुळातले निघाले. २००६ चे मात्र आफ्रिकी कुळातले! बार्शीच्या विषाणूचा हा वंशज नव्हेच. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस रीयुनियन नावाचे एक फ्रेंच बेट आहे. तेथे २००५-०६ साली अशीच साथ आली होती. त्या बेटावरील विषाणू आणि भारतातील विषाणू यांची अक्षरे १०० पैकी ९९.९ इतकी जुळली. म्हणजे हजार अक्षरांत एखादेच निराळे. यवतचा विषाणूही आफ्रिकी कुळातलाच होता. पण त्याचे साम्य ९८.२ इतके भरले. ११,८०० अक्षरांत हा फरक दोनशेच्या वर जातो. तो भाऊबंदांपैकी खरा, सख्खा नव्हे. तेव्हा या कुळाचा एक पाहुणा मोठ्या साथीच्या पाच-सहा वर्षे आधीच महाराष्ट्रात येऊन राहिला होता आणि साथ मात्र त्याच्या दुसऱ्याच भावाने आणली. कुप्या फेकून दिल्या असत्या, तर यांतले एक अक्षरही कळले नसते.

रीयुनियन बेटावर एक याहून नवलाची गोष्ट घडली होती. चिकुनगुन्याचा विषाणू डासांच्या मार्फत पसरतो. डासाची मादी रोग्याला चावते, रक्ताबरोबर विषाणू तिच्या आतड्यात जातो, तेथे वाढतो, काही दिवसांनी तिच्या लाळेत उतरतो आणि मग ती ज्याला चावेल त्याला रोग देतो. हे काम मुख्यतः एडिस इजिप्ती नावाचा डास करतो. त्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो आणि माणसाच्या घरातच राहणे पसंत करतो. त्याचा एक भाऊ आहे, एडिस अल्बोपिक्टस. त्याच्या पाठीवर मध्यभागी एकच पांढरी रेघ असते आणि तो झाडाझुडपांत रमतो. रीयुनियन बेटावर इजिप्ती फारसा नाही. अल्बोपिक्टस मात्र उदंड. साथीच्या आरंभी त्याच्या आतड्यात या विषाणूचा शिरकाव सहजासहजी होत नव्हता. पुढे काही महिन्यांत एका प्रतीत एक चूक झाली. कवचावरील ई-१ नावाच्या प्रथिनात २२६ व्या जागी असलेल्या तीन अक्षरांपैकी मधले 'सी' जाऊन तेथे 'यू' पडले. त्यामुळे त्या जागचे अॅलनिन जाऊन व्हॅलिन आले. एवढाच बदल. पण त्यामुळे विषाणूला अल्बोपिक्टसचे दार उघडले. बेटाच्या सुमारे पावणेआठ लाख लोकांपैकी एकतृतीयांश लोक आजारी पडले.

हा केवळ योगायोग नसेल कशावरून? ही शंका अगदी रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनीही ती घेतली. अमेरिकेतील टेक्सास राज्यात प्रयोगशाळेत सर्व बाबतींत सारखे, पण या एकाच ठिकाणी निराळे, असे विषाणू मुद्दाम तयार करण्यात आले आणि दोन्ही जातींच्या डासांना ते रक्तातून पाजण्यात आले.  २००७ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. बदललेल्या अक्षराच्या विषाणूने अल्बोपिक्टसला बाधा होण्यास पूर्वीच्या मानाने फारच थोडे विषाणू पुरत होते. इजिप्तीच्या बाबतीत मात्र त्या बदलाचा विषाणूला लाभ झाला नाही.

पुण्यातील संशोधकांनी वाचलेल्या २००६ सालच्या एकाही भारतीय पोथीत हा पाठभेद नव्हता. त्याची येथे गरजच नव्हती. कारण आपल्याकडे त्याला इजिप्ती डास घरोघर मिळत होता. परंतु पुढच्याच वर्षी, २००७ साली, केरळात साथ आली. तेथे रबराच्या बागा आहेत. झाडाचा चीक गोळा करण्यासाठी खोडाला वाट्या बांधतात. पावसाचे पाणी त्यांत साचते आणि अल्बोपिक्टस तेथे अंडी घालतो. आणि काय आश्चर्य! केरळातील विषाणूत २२६ व्या जागी तोच बदल आढळला. तो रीयुनियनहून आलेला नव्हता. बाकीचे पाठभेद जुळवून पाहता तो येथेच नव्याने झालेला दिसला. श्रीलंकेत व मध्य आफ्रिकेतही असेच घडले होते. दूरदूरच्या लेखनिकांनी, एकमेकांस न विचारता, एकच अक्षर चुकवावे तसे हे झाले. यात विषाणूची काही युक्ती आहे असे समजू नये. चुका सर्वत्र सर्व प्रकारच्या होत असतात. ज्या ठिकाणी जी चूक उपयोगी पडते, तेथे ती टिकते. बाकीच्या विरून जातात. आशियाई कुळातील विषाणूला मात्र या बदलाचा फायदा मिळत नाही, असे २०११ साली दिसून आले. कारण त्याच प्रथिनातील ९८ व्या जागचा त्याचा जुना पाठभेद आड येतो. एका चुकीचे मोल दुसऱ्या चुकीवर अवलंबून असते ते असे.

केरळात रबराच्या वाट्या, तर मराठवाड्यात रांजण. ज्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही, तेथे पाणी साठविल्यावाचून संसार चालत नाही. हिंगोली जिल्ह्यातील खेड्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत दाराशी पिंप, न्हाणीत हौद, माळवदावर टाकी आणि गोठ्याजवळ गुरांची डोण भरून ठेवावी लागते. यात घरच्या बाईचा काही दोष नाही. ज्याला दोन कोसांवरून पाणी आणावे लागले आहे, त्याला ते ओतून द्या असे सांगणे सोपे नाही, आणि जे सांगतात त्यांनी आधी एक घागर डोक्यावर घेऊन पाहावी. पण इजिप्ती डासाला असेच स्वच्छ, स्थिर आणि सावलीतले पाणी हवे असते. त्याची अंडी पाण्यात पडत नाहीत. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती एकेक करून चिकटविलेली असतात. रंगाने काळी, खसखशीहूनही बारीक. भांडे कोरडे पडले तरी ती कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढले, की त्यांतून अळ्या बाहेर येतात. अळीपासून कोश व कोशापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस लागतात.

या आठ-दहा दिवसांच्या हिशेबावरच आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस' आधारलेला आहे. आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावयाची, म्हणजे अळीला डास होण्यास अवधी मिळत नाही. भांडे नुसते पालथे घालून भागत नाही. काथ्याने किंवा घासणीने आतील भिंत घासून काढावी लागते, कारण अंडी तेथेच असतात. जी टाकी रिकामी करता येत नाही तिला घट्ट झाकण अथवा कापड बांधतात; मोठ्या हौदात गप्पी मासे सोडतात, ते अळ्या खातात. चिकुनगुन्याच्या विषाणूला मारणारे खास औषध आजही नाही. २०२४ साली पुणे, नागपूर व इतर ठिकाणी या रोगाचे रुग्ण पुन्हा वाढले. आरोग्य केंद्रातील परिचारिका अशा वेळी रोग्याचे थोडे रक्त काचेच्या नळीत घेते, तीवर नाव व तारीख लिहिते आणि बर्फाच्या पेटीत घालून ती नळी तपासणीस पाठविते.

स्वाध्याय

१. पाठभेद म्हणजे काय? त्यावरून दोन पोथ्यांचे नाते कसे ओळखता येते?
२. रबरी शिक्क्याच्या उदाहरणावरून धन धागा व ऋण धागा यांतील फरक स्पष्ट करा.
३. 'तेथे लेखनिक पुष्कळ. पण एकनाथ एकही नाही.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. बार्शीचा १९७३ चा विषाणू जपून ठेवला नसता, तर २००६ साली कोणता चुकीचा समज झाला असता?
५. तुमच्या घरी व घराभोवती पाणी साठणारी भांडी किती आहेत ते मोजा. त्यांपैकी किती भांड्यांना झाकण आहे, याची नोंद करा.